वाचकांचे प्रश्न : रॅम शिल्लक दिसते, तरी मेमरी संपते कशी?

नाशिक शहर आणि परिसरातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे लिनक्सच्या मेमरीविषयी आहेत. चौघांच्या अडचणी वरवर वेगळ्या असल्या तरी मुळाशी एकच गल्लत आहे. प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, मिळालेला मेमरीच्या पत्त्यांचा विस्तार ही एक गोष्ट, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, तिला मेमरीबद्दल दिलेला शब्द ही दुसरी, आणि तिने प्रत्यक्षात व्यापलेली रॅम ही तिसरी. या तिन्हींच्या मर्यादा वेगळ्या आहेत, त्या वेगळ्या ठिकाणी बदलतात, आणि एकीची मर्यादा वाढवून दुसरीचा त्रास बहुधा कमी होत नाही. म्हणून चारही पत्रे एकाच अंकात घेतली आहेत.

पिंपळगाव बसवंत येथील एक वाचक : आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पेट्यांच्या नोंदी आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारा एक सर्व्हर आहे. १६ जीबी रॅम आणि ४ जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रॅममध्ये नोंदी ठेवणारा रेडिस दोन्ही त्याच यंत्रावर चालतात. ऐन हंगामात दोनदा रात्री पोस्टग्रेस बंद पडले आणि कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ सापडली. रेडिस सुरू होताना ओव्हरकमिट मेमरी या कर्नलच्या सेटिंगची किंमत १ करा अशी सूचना देतो, तर पोस्टग्रेसची माहितीपुस्तिका ती २ करण्यास सुचवते. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. ही सेटिंग एकेका प्रोग्रामसाठी नसून संपूर्ण कर्नलसाठी असते. दोन्ही प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये टाकले तरी खालचा कर्नल एकच राहतो, त्यामुळे एकाला १ आणि दुसऱ्याला २ देता येत नाही.

आपल्याच परिसरातले उदाहरण घेऊ. शीतगृहाचा मालक हंगामाआधी जागेची नोंदणी घेतो, तेव्हा सगळे बागायतदार एकाच दिवशी माल आणणार नाहीत हे त्याला अनुभवाने माहीत असते, म्हणून तो क्षमतेपेक्षा थोडी जास्त नोंदणी घेतो. कर्नलही तसेच करतो. प्रोग्रामने मेमरी मागितली की तो फक्त पत्ते देतो. मेमरीचा ४ केबीचा तुकडा म्हणजे पेज, आणि प्रत्येक पेज रॅममध्ये तेव्हाच येते, जेव्हा प्रोग्राम त्या पत्त्यावर प्रथम काही लिहितो. ओव्हरकमिटची किंमत ० असेल, आणि मुळात ती तशीच असते, तर उघडपणे अशक्य अशी एखादीच मागणी नाकारली जाते. १ असेल तर कोणतीच मागणी नाकारली जात नाही. २ असेल तर दिलेल्या प्रत्येक शब्दाचा काटेकोर हिशेब ठेवला जातो आणि मर्यादा गाठली की पुढची मागणी जागच्या जागी फेटाळली जाते. पहिल्या दोन पद्धतींत एखाद्या रात्री सगळेच माल घेऊन आले, तर कोणाला तरी बाहेर काढावे लागते. ते काम कर्नलमधला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर करतो.

आता पोस्टग्रेसच का मारले गेले ते पाहा. कर्नल प्रत्येक प्रोसेसला गुण देतो, आणि ते गुण तिने व्यापलेली रॅम, स्वॅप आणि तिची पेज टेबले (कोणते पेज कुठे आहे याच्या नोंदी) यांच्या बेरजेवर ठरतात. पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस एकच सामायिक बफर वापरतात, पण त्या बफरमधल्या ज्या पेजना एखाद्या प्रोसेसने स्पर्श केला ती सगळी तिच्याही खात्यावर मोजली जातात. त्यामुळे ती आहे त्यापेक्षा जाडजूड दिसते आणि बळी म्हणून निवडली जाते. एक प्रोसेस अशी मारली गेली की सामायिक मेमरीतला मजकूर बिघडला असण्याची शक्यता असते, म्हणून पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस बाकीची सगळी जोडणी तोडून डेटाबेस नव्याने सावरते. डेटाबेस अचानक बंद पडल्याचा अनुभव आपल्याला आला तो यामुळे.

मग थेट २ का करू नये? आपल्याच यंत्राचा हिशेब मांडू. या पद्धतीत एकूण मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक हिस्सा. ह्यूज पेज, म्हणजे मोठ्या आकाराच्या पेजसाठी राखलेली रॅम त्यातून आधी वजा होते. आपण ती राखलेली नाही असे धरतो. ओव्हरकमिट रेशो या सेटिंगने तो हिस्सा ठरतो आणि मुळात तो ५० टक्के असतो. १६ चे निम्मे ८, त्यात ४ मिळवले की १२ जीबी. समजा पोस्टग्रेसला ४ जीबी, रेडिसला ५ जीबी आणि इतरांना १ जीबी असा १० जीबीचा शब्द गेलेला आहे. रेडिस डिस्कवर प्रत उतरवताना स्वतःची फोर्क करून दुसरी प्रोसेस तयार करतो. प्रत्यक्षात दोघांची पेज सामायिक राहतात आणि ज्या पेजवर नव्याने लिहिले जाते त्याचीच प्रत निघते, पण काटेकोर हिशेबात कर्नलला आणखी ५ जीबीचा शब्द द्यावा लागतो. १५ हा आकडा १२ च्या वर गेला, फोर्क नाकारली गेली आणि प्रत उतरली नाही. प्रत उतरली नाही की रेडिस त्याच्या मूळ सेटिंगप्रमाणे नवीन नोंदी घेणेच थांबवतो. म्हणजे मध्यरात्री डेटाबेस मरण्याऐवजी भरदुपारी पेट्यांची नोंद थांबेल.

माझा सल्ला असा आहे. हंगाम संपेपर्यंत ही किंमत ० वरच ठेवा आणि आधी संरक्षण उभे करा. रेडिसला त्याच्या 'मॅक्समेमरी' सेटिंगने ३ जीबीवर बांधा. त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये, सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीची 'मेमरीमॅक्स' ही मर्यादा त्याहून बरीच वर, ६ जीबीच्या आसपास ठेवा, कारण प्रत उतरत असताना नोंदींचा ओघ जोरात असेल तर त्याची रॅम जवळपास दुप्पट होऊ शकते. पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला, वर सांगितलेले गुण कमी-जास्त करणाऱ्या 'ओओएम स्कोअर ॲडजस्ट' या सेटिंगने उणे १००० द्या, म्हणजे ती कधीच निवडली जाणार नाही, आणि तिच्या लेकरांचा, म्हणजे तिने सुरू केलेल्या प्रोसेसचा, आकडा पुन्हा ० वर आणण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे तीही वापरा. सगळ्यांनाच उणे १००० देण्याचा मोह मात्र टाळा. मारण्याजोगे कोणी उरले नाही तर कर्नल यंत्रच थांबवतो.

हंगाम संपल्यावर रेडिस वेगळ्या छोट्या यंत्रावर हलवा. व्हर्च्युअल मशीन असेल तरी चालेल, कारण तिचा कर्नल स्वतंत्र असतो. तिथे किंमत १ ठेवा आणि पोस्टग्रेसच्या यंत्रावर २. तेव्हा रेशो ८० केलात तर मर्यादा १२.८ अधिक ४, म्हणजे १६.८ जीबी होईल. या पद्धतीत स्वॅपचे काम समजून घेण्यासारखे आहे. ती एक बाइटही वापरली गेली नाही तरी दिलेल्या शब्दाला तारण म्हणून उभी असते, म्हणून '२' लावायचे आणि स्वॅप काढून टाकायची, हे दोन्ही एकत्र करू नये.

किंमत बदलण्यापूर्वी प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो ही फाइल उघडून 'कमिटलिमिट' (मर्यादा) आणि 'कमिटेड एएस' (आधीच दिलेले शब्द) या दोन ओळी वाचा. ही सूचना मी स्वतःच्या चुकीतून देतो आहे. काही वर्षांपूर्वी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हरवर मी घरी बसून २ लावले आणि आधीच दिलेले शब्द नव्या मर्यादेच्या वर होते. पुढच्याच क्षणी साधी 'एलएस' ही आज्ञाही चालेना. शेल दरवेळी एकच उत्तर देत होते, फोर्क करता येत नाही, मेमरी मिळत नाही. सुदैवाने रूटचे, म्हणजे पूर्ण अधिकारांच्या खात्याचे, ते सत्र उघडे होते. 'एको' ही आज्ञा शेलच्या पोटातच असते आणि तिला नवी प्रोसेस लागत नाही, म्हणून तिच्याच आधारे प्रॉकमधल्या त्या फाइलमध्ये पुन्हा ० लिहिता आले. सत्र बंद केले असते तर रात्री नाशिकरोडहून अंबडला जावे लागले असते आणि कारखान्याची पाळी खोळंबली असती. तेव्हापासून मी २ लावण्याआधी रूटसाठी राखीव मेमरी ठरवणारी 'ॲडमिन रिझर्व्ह' ही सेटिंग वाढवून १२८ एमबी करतो. मुळात ती जास्तीत जास्त ८ एमबी असते आणि या पद्धतीत तेवढ्यात रूटला लॉग-इन करून दुरुस्ती करणे अवघड जाते.

सातपूर येथील एक वाचक : आमच्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची तपासणी कॅमेऱ्याने होते. त्याचे जुने कार्ड ३२ बिटच्या लिनक्सवर चालते. यंत्रात ८ जीबी रॅम आहे. 'फ्री' ही आज्ञा ५ जीबी मोकळी दाखवत असतानाही ओओएम किलर प्रोग्राम मारतो, आणि कार्डाचा ड्रायव्हर कधीकधी सुरूच होत नाही. रॅम आणखी वाढवावी का?

उत्तर : वाढवू नका, त्रास वाढेल. ३२ बिटमध्ये एकूण पत्तेच ४ जीबी असतात. मूळ रचनेत त्यांतले खालचे ३ जीबी प्रोग्रामसाठी आणि वरचा १ जीबी कर्नलसाठी राखलेला असतो. त्या १ जीबीपैकी ८९६ एमबी भागावर रॅमचा सुरुवातीचा तेवढाच तुकडा थेट आणि कायमचा बसवलेला असतो, त्याला लो मेमरी म्हणतात. उरलेले १२८ एमबी पत्ते व्हीमॅलॉक (कर्नलच्या मोठ्या सलग पत्त्यांच्या मागण्या) आणि तात्पुरत्या जोडण्यांसाठी असतात. पीएई या सोयीमुळे ३२ बिटचा प्रोसेसर ६४ जीबीपर्यंत रॅम वापरू शकतो हे खरे, पण कर्नलच्या स्वतःच्या बहुतेक वस्तू, म्हणजे उघड्या फाइलींच्या नोंदी, प्रोसेसचे तपशील, नेटवर्कचे बफर, हे सर्व त्या ८९६ एमबीतच राहते. आपली ५ जीबी मोकळी आहे, पण ती हाय मेमरीत, म्हणजे ८९६ एमबीच्या पलीकडच्या रॅममध्ये आहे. कर्नलला स्वतःसाठी तिचा उपयोग नाही. 'फ्री'ला 'एल' हा पर्याय जोडून आज्ञा चालवा. लो आणि हाय असे दोन वेगळे आकडे दिसतील आणि पत्रातला विरोधाभास तिथेच सुटेल.

रॅम वाढवल्याने त्रास का वाढतो? कारण रॅमच्या प्रत्येक पेजसाठी कर्नल लो मेमरीत सुमारे ३२ बाइटची एक नोंद ठेवतो. ८ जीबी म्हणजे सुमारे २१ लाख पेज, आणि त्यांच्या नोंदींनाच ६४ एमबी लागतात. ६४ जीबी रॅम लावली तर याच नोंदी ५१२ एमबी खातील, म्हणजे लो मेमरीचा निम्म्याहून अधिक भाग रॅमची यादी ठेवण्यातच जाईल.

ड्रायव्हरचा त्रास वेगळा आहे. चित्रांसाठी तो मोठा सलग पत्त्यांचा पट्टा मागतो आणि १२८ एमबीच्या त्या भागात तेवढी सलग जागा उरलेली नसते. कर्नलच्या लॉगमध्ये व्हीमॅलॉकचे नाव घेऊन ते वाढवा असे सुचवणारी ओळ असेल, तर हेच कारण समजा. बूटच्या वेळी 'व्हीमॅलॉक' हा पॅरामीटर २५६ एमबी देऊन पाहा, पण ते वाढीव १२८ एमबी लो मेमरीतूनच वजा होतात आणि ती ७६८ वर येते. म्हणजे ड्रायव्हर सुरू होईल आणि ओओएम किलर लवकर जागा होईल. कर्नल नव्याने कंपाइल करून ३ आणि १ ऐवजी २ आणि २ अशी वाटणीही करता येते. मग प्रत्येक प्रोग्रामला २ जीबीच पत्ते उरतात. तपासणीच्या प्रोग्रामला तेवढे पुरत असतील, तर हा मार्ग वाईट नाही. मधल्या मापाच्या ज्या आणखी वाटण्या कर्नलच्या यादीत दिसतात, त्या पीएई चालू असताना मिळत नाहीत, कारण तेव्हा सीमा पूर्ण जीबीवरच असावी लागते.

खरा उपाय निराळा आहे. प्रोसेसर ६४ बिटचा असेल, आणि ८ जीबी रॅम घेणारे यंत्र बहुधा तसेच असते, तर फक्त कर्नल ६४ बिटचा बसवा आणि वरचे ३२ बिटचे प्रोग्राम तसेच राहू द्या. त्यांतल्या प्रत्येकाला मग ३ ऐवजी जवळजवळ पूर्ण ४ जीबी पत्ते मिळतील आणि लो मेमरी हा प्रकारच उरणार नाही. अट एकच, कार्डाचा ड्रायव्हर ६४ बिटसाठी उपलब्ध असला पाहिजे. तो पुरवठादाराकडून आधी मिळवा, मग यंत्राला हात लावा.

गंगापूर रोड येथील एक वाचक : आमच्या कार्यालयातल्या ६४ बिटच्या सर्व्हरवर इलास्टिकसर्च हा शोधाचा प्रोग्राम आहे. रॅम भरपूर असूनही मेमरी मिळत नाही अशी चूक येते. शिवाय चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये काही प्रोसेससमोर शेकडो जीबीचे आकडे दिसतात, म्हणून आम्ही यूलिमिट या मर्यादा घालणाऱ्या आज्ञेने व्हर्च्युअल मेमरी ८ जीबीवर बांधली आणि त्यानंतर जावाचे प्रोग्राम सुरूच होईनासे झाले. सिक्युरिटी फोल्डरमधल्या लिमिट्सच्या फाइलमध्ये केलेले इतर बदलही लागू होत नाहीत.

उत्तर : यूलिमिटचे ते बंधन आधी काढून टाका. ६४ बिटच्या नेहमीच्या रचनेत प्रत्येक प्रोसेसला १२८ टीबी पत्ते मिळतात, आणि पाच पातळ्यांच्या पेज टेबलांचा नवा प्रोसेसर असेल तर ६४ पीबीपर्यंत जाता येते. तरीही १२८ टीबीच्या वरचे पत्ते कर्नल फक्त मुद्दाम मागणाऱ्या प्रोग्रामलाच देतो, कारण जुने प्रोग्राम पत्त्याचे वरचे बिट इतर कामांसाठी वापरतात. इतकी ऐसपैस जागा फुकट मिळत असताना शहाणे प्रोग्राम ती भरभरून राखून ठेवतात. जावा फक्त क्लासच्या माहितीसाठी १ जीबी पत्ते राखते. क्रोमच्या हल्लीच्या आवृत्त्यांत एकेका प्रोसेससमोर एक टीबीहून मोठा आकडा दिसतो. हे आरक्षण आहे, त्यात रॅम गेलेली नसते. 'टॉप'मध्ये 'व्हर्ट' (पत्ते) या रकान्याऐवजी 'रेस' (प्रत्यक्ष रॅम) पाहा. रॅमवर मर्यादा घालायची असेल तर ती सीग्रुपमधून, म्हणजे प्रोसेसच्या गटाला मर्यादा लावणाऱ्या कर्नलच्या सोयीतून घाला: 'मेमरीहाय' ओलांडली की प्रोग्राम मंदावतो, 'मेमरीमॅक्स' ओलांडली की मारला जातो. रॅमच्या नावाने यूलिमिटमध्ये जो पर्याय दिसतो, तो आजच्या लिनक्समध्ये काहीही करत नाही.

इलास्टिकसर्चची चूक आणखी वेगळ्याच मर्यादेमुळे येते आहे. एका प्रोसेसच्या ॲड्रेस स्पेसमध्ये (पत्त्यांच्या विस्तारात) किती वेगवेगळे तुकडे असू शकतात, याला 'मॅक्स मॅप काउंट' ही सीमा आहे आणि कर्नलमधली तिची मूळ किंमत ६५,५३० आहे. इलास्टिकसर्च आपल्या इंडेक्सच्या असंख्य फाइली थेट पत्त्यांवर बसवतो, त्यामुळे तुकडे झपाट्याने वाढतात. आकार कितीही लहान असो, तुकडा मोजला जातोच. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आणि त्याखालचे राखणीचे पेज हेही दोन तुकडे धरले जातात. सीमा गाठली की कर्नल मेमरी नाही असेच उत्तर देतो, आणि तेच उत्तर दिशाभूल करते. इलास्टिकसर्चने स्वतः यासाठी २,६२,१४४ ही किंमत अनेक वर्षे सांगितली आहे. फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ पासून ती १०,४८,५७६ अशीच येते, तेव्हा सध्याची किंमत आधी वाचून घ्या. बदल सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग ठेवणाऱ्या, फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल करून लिहा, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही तो टिकेल आणि कोणी काय बदलले हे नंतरच्या माणसाला दिसेल.

लिमिट्सची फाइल लॉग-इनच्या वेळी वाचली जाते. सिस्टिमडीने सुरू केलेल्या सर्व्हिस तिच्याकडे पाहतच नाहीत. त्यांच्या मर्यादा त्यांच्याच सर्व्हिस फाइलमध्ये लिहाव्या लागतात. लागू झाल्या की नाही, हे प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालच्या 'लिमिट्स' या फाइलवरून कळते. त्याच पत्रात आपण स्वॅपीनेस ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होते का, असेही विचारले आहे. तसे नाही. मेमरी मोकळी करायची वेळ आली की फाइलींचा कॅशे आधी काढायचा की प्रोग्रामची पेज, याचा तो कल आहे.

पंचवटी येथील अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी : सी भाषेतल्या माझ्या प्रोग्राममध्ये फंक्शनच्या आत १००० गुणिले १२०० चा डबल प्रकारचा ॲरे घेतला की सेगमेंटेशन फॉल्ट येतो. वर्गातल्या मित्राने स्टॅकची मर्यादा 'अनलिमिटेड' करायला सांगितले. ते योग्य आहे का? आणि शून्य या पत्त्याला हात लावता का येत नाही?

उत्तर : तुझ्या ॲरेचे १२ लाख घटक, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ९६ लाख बाइट होतात. फंक्शनच्या आतले ॲरे स्टॅक या भागात राहतात आणि स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी, म्हणजे सुमारे ८४ लाख बाइट. ॲरे तिथे मावतच नाही. तो मॅलॉकने घे किंवा स्टॅटिक कर, मर्यादेला हात लावायची गरज नाही. मित्राच्या सल्ल्यात एक खोच आहे. जीलिबसी या सी भाषेच्या लायब्ररीमध्ये नव्या थ्रेडच्या स्टॅकचा आकार याच मर्यादेवरून ठरतो, आणि ती 'अनलिमिटेड' असेल तर एक्स८६-६४ वर प्रत्येक थ्रेडला फक्त २ एमबी मिळतात. म्हणजे मुख्य प्रोग्राम सुधारेल आणि थ्रेड वापरणारा पुढचा प्रयोग आधीपेक्षा लवकर कोसळेल. खोल रिकर्शनसाठी मर्यादा वाढवावीच लागली, तर ६४ एमबीसारखा ठरावीक आकडा दे.

शून्य पत्ता मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. कर्नलमध्येच कुठे नल पॉइंटरची, म्हणजे शून्य पत्ता वापरण्याची, चूक असेल आणि एखाद्या साध्या प्रोग्रामने शून्यावर आपला कोड आणून बसवला असेल, तर कर्नल तो कोड आपल्या पूर्ण अधिकारांनी चालवून बसेल. हा वार टाळण्यासाठी २००७ मध्ये कर्नलमध्ये 'एममॅप मिन ॲड्रेस' ही सेटिंग आली, आणि बहुतेक ठिकाणी तिची किंमत ६५,५३६ असते. जुने डॉसचे प्रोग्राम चालवण्यासाठी ती ० करा असा सल्ला कुठे वाचलास, तर कॉलेजच्या सामायिक यंत्रावर तो पाळू नकोस. डीबग करताना प्रत्येक वेळी पत्ते बदलतात म्हणून पूर्ण यंत्राचे पत्त्यांचे रँडमायझेशन बंद करणेही तसेच चुकीचे आहे. जीडीबी हा डीबगर ते आपल्या प्रोग्रामपुरते आपोआप बंद ठेवतो, आणि बाहेरून एकाच प्रोग्रामसाठी हवे असेल तर 'सेटआर्क' ही आज्ञा 'आर' या कॅपिटल अक्षराच्या पर्यायासह वापर.